धुक्यात पांढरी पडलेली फौज

लोणावळ्याच्या बाजारात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. डोळ्याला भिंग लावून खाली मान घालून बसलो की गिऱ्हाइकाला वाटतं, भाई काय मन लावून काम करतायत. निम्म्या वेळा माझ्या चिमट्यात घड्याळाचा स्क्रू नसतो. बोटाच्या पेराएवढा शिशाचा शिपाई असतो आणि मी त्याच्या मिशा रंगवत असतो. मिशी अर्धी झालेली असताना कुणी हाक मारली तर मी खेकसतो, त्यामुळे धंदा बेताचाच आहे.

हा नाद मला लावला शेजारच्या औंढे गावातल्या एका भातशेती करणाऱ्या माणसानं. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणतो. पंधरा वर्षांपूर्वी ते एक शिपाई घेऊन दुकानात आले, त्याच्या तुटलेल्या भाल्याला डाग देता येईल का विचारायला. मी म्हणालो, "दिवाळीच्या किल्ल्यावरचं मातीचं चित्र ना? नवीन घ्या की." ते इतके भडकले की मला लगेच आवडले.

ह्या शिपायांच्या लढाईचा खेळ त्यांच्या बंदिस्त पडवीत चालतो. प्लायवुडवर थर्माकोलचे डोंगर, झाडीच्या जागी बांधावरचं शेवाळ. टेपनं मोजून शिपाई पुढे सरकवायचे, झटापट झाली की फासे टाकून निकाल लावायचा. आम्ही एकच लढाई खेळतो, उंबरखिंडीची, कारण ती आमच्याच घाटाखाली झाली. खिंडीत अडकलेली मोगल फौज आणि वरच्या झाडीत मावळे. बघायला येणारा प्रत्येक जण माझी दाढी पाहून मला मोगलांकडे उभं करतो. मावळे माझे आहेत, मोगल भाऊंचे. "वरनं दगड टाकून कुनीबी जिकंल," ते म्हणतात. "आडाकलेल्याला भाईर काडायला अक्कल लागती." ती अक्कल त्यांना अजून सापडलेली नाही, हे मी त्यांना दर वेळी ऐकवतो.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब व्हायला लागला. मोतीबिंदू असता तर काढून मोकळे झालो असतो. ह्यात समोरचं पुसट होत जातं, कडेचं तेवढं दिसतं. पुण्याच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि शेवटी सांगितलं, हळूहळू जाईल.

तेव्हा भाऊंनी सगळी मोगल फौज नव्यानं रंगवायला घेतली. मान तिरकी करून, शिपाई कानाजवळ धरून, कडेच्या नजरेनं. शंभरावर पायदळ, तीसेक स्वार. दीड वर्ष लागलं. एखादा रंग मी सुचवला की म्हणायचे, तू तुझी घड्याळं बघ. त्यांचं ठरलं होतं. "ही फौज एकदा डोळ्यांनी बघून खेळायची. मंग हाये की, हातानं चाचपून खेळंन."

चाचपायचं तर रंगावर व्हार्निश हवं, नाहीतर बोटाबरोबर रंग निघून येतो. व्हार्निश मारणं माझ्याकडे होतं. ह्या कामाचा एकच नियम आहे. हवेत ओल असताना फवारा मारायचा नाही, कारण ती ओल आत अडकते आणि रंगावर पांढरी साय धरते. लोणावळ्यात ह्याचा अर्थ दिवाळीपर्यंत डबा उघडायचाच नाही. पंधरा वर्षं मी हा नियम पाळला आणि भाऊंच्या डोक्यात पक्का बसवला. पण ह्या वर्षी त्यांची नजर दिवाळीपर्यंत थांबेल असं मला वाटेना.

भाद्रपदात एक दुपार लख्ख उघडली. कौलं वाळली, दोरीवरचे कपडे वाळले. भाऊंनी माझ्याकडे ठेवलेली सगळी फौज मी त्यांना न सांगता घराच्या गच्चीवर पाटावर मांडली आणि घाईघाईनं फवारा मारला. शेवटच्या रांगेवर होतो तेवढ्यात दरीतून ढग वर आला. ह्या गावात जन्म गेला आणि मी इथल्या उन्हावर विश्वास ठेवला. पाट उचलून आत नेईपर्यंत लाल अंगरखे फिके दिसायला लागले होते. अर्ध्या तासात सगळ्यांच्या अंगावर भस्म फासल्यासारखं झालं.

घड्याळाचं तेल काडीनं लावून पाहिलं. तेवढ्यापुरता रंग वर यायचा, तेल सुकलं की पुन्हा पांढरं. आठ दिवस दुकान बंद ठेवून हेच केलं. एकदा बसल्या जागी रडलोही. मग मनात एक हलकट विचार आला, की भाऊंना नाहीतरी कुठं नीट दिसतंय. त्याच विचाराच्या आधारानं रविवारी खोका घेऊन ठरलेल्या खेळासाठी औंढ्याला गेलो.

भाऊ नवा शर्ट घालून पडवीत बसले होते. त्यांनी एक स्वार उचलला, कानाजवळ धरला. खाली ठेवला. दुसरा उचलला. वहिनी चहा घेऊन आल्या, तर भाऊंनी विचारलं, "खिडकी उघडी हाय न्हवं?"

"सताड उघडी हाय," वहिनी म्हणाल्या.

"रंगवलं तवा लाल दिसत हुतं. आता समदी पिठात लोळवल्यावानी." मग माझ्याकडे तोंड करून, अगदी साध्या आवाजात, "डाक्टर हळूहळू म्हनला हुता, भाई. म्हैन्याभरातच गेलं की."

मी सगळं सांगून टाकलं. भाद्रपदातली दुपार, गच्ची, ढग. "भाऊ, तुमचे डोळे नाहीत, फौजच पांढरी झालीय. मी वाट लावली."

ते हसले. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू आन् ओलीत फवारा मारशील? माझं मन राकायला बोलतुयास."

"वहिनी, तुम्ही सांगा त्यांना."

"व्हय, पांढरीच हायेत," वहिनी म्हणाल्या.

"तिला बी सांगून ठिवलंस व्हय," भाऊ म्हणाले. त्यांचा माझ्यावर इतका विश्वास आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि तो मला तोडता येईना.

मग मला आठवलं, नगारा वाजवणारा एक नगारची फवाऱ्यातून सुटला होता. त्याचा पाय निखळला म्हणून मी तो बाजूला ठेवला होता आणि आता खिशात कागदात गुंडाळून आणला होता. त्याचा अंगरखा भाऊंनी रंगवला तसाच, कुंकवासारखा लाल होता. मी तो त्यांच्या हातात दिला. "ह्याला व्हार्निश लागलेलंच नाही. हा बघा आणि बाकीचे बघा."

भाऊंनी मान तिरकी केली. नगारची डाव्या कानाजवळ धरला, मग उजव्या. उठून खिडकीशी गेले, उन्हात धरला. बराच वेळ धरला.

"ह्यो बी पांढराच हाय, भाई," ते म्हणाले.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. भाऊंच्या बोटांतला तो अंगरखा आम्हा दोघांना लालभडक दिसत होता.