सखूमावशीच्या शेवटच्या दोन शेळ्या

मंडळी, एका फाउंडेशनच्या पैशातून आमच्या मेडशीच्या गायरानात चराईबंदी करून गवत राखलंय. पवन्या, मारवेल ही गवतं मी कॉलेजात नाही, बांधावर शिकलो. बियाणं मीच निवडलं. आज ते कमरेला लागतं.

सकाळी फाउंडेशनच्या पाहुण्यांना तेच दाखवत होतो, गवतात उभं राहून फोटो काढून घेत होतो. तेवढ्यात शेजारची सखूमावशी शेवटच्या दोन शेळ्या बाजाराला नेताना दिसली.

"काहून विकून राह्यली, मावशी?"

"चारू कुठी, बापू? तुह्या गवताले तोंड लावता येत नाही."

"बी पडलं की कापून ने ना."

"तोवर या शेळ्यायले तुह्ये फोटो खाऊ घालू?"

बियाण्याला पैसे मिळाले, राखणदारालाही मिळाले. शेळ्यांच्या चाऱ्याचं आम्ही कुणी हिशेबात मांडलंच नाही.

दिवाळीनंतर बी पडेल, गवत कापायला मोकळं होईल. मावशीच्या दारात तेव्हा खाणारं कोण असेल?