जिन्याने जाणारा माणूस

बेळगावच्या त्या दवाखान्यात मोठे डॉक्टर निघाले की मागून सहा जण चालायचे. आम्हा नातेवाइकांचं लक्ष मात्र तळमजल्यावर सीटी स्कॅन काढणाऱ्या माणसाकडे असायचं. तो फिल्म पाकिटात घालायचा, कड नखाने दाबायचा आणि पाकीट नातेवाइकाच्या हाती द्यायचा.

पाय मोडून पडलेल्या आमच्या आक्काला एकाएकी धाप लागली, म्हणून तिला निपाणीहून आणलं. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली होती. त्या दिवशी त्याने पाकीट मला दिलं नाही. लिफ्टची वाटही न बघता, ते घेऊन स्वतःच जिन्याने वर डॉक्टरांकडे गेला.

तो खाली आल्यावर मी विचारलं, "अण्णा, गुठळी लई मोठी हाय काय?"

"ते डॉक्टर सांगतील. मी हृदय बघतो. वाट अडली की उजवी बाजू रक्त ढकलून ढकलून फुगते. ती डावीपेक्षा मोठी दिसली, की मी जिना धरतो."

भविष्य सांगणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यासाठी जिना चढून धापा टाकणारा हा एकच.

आक्का आठ दिवस अतिदक्षता विभागात होती. वाचली.

तीन महिन्यांनी तिला पुन्हा दम लागू लागला, पुन्हा स्कॅन झाला. त्याने पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. मी त्याच्या पायांकडे पाहत होतो. मग त्याने पाकिटाची कड नखाने दाबली आणि ते माझ्या हातात ठेवलं.

मी जिन्याकडे धावलो.

"ओ, लिफ्टनं जावा की," तो मागून म्हणाला. "गडबड न्हाय."