स्वातंत्र्याच्या बदल्यात गेलेली बेटं

मला अजूनही राग येतो, आणि तो ओसरावा असं वाटतही नाही.

शारजात, अल मजाजला, आमच्या मजल्यावर मॉरिशसची एक बाई राहते. नर्स आहे. तिचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून नेलेले. मराठी ती शाळेत शिकली, त्यामुळे वाक्यं आपल्यापेक्षा शुद्ध आणि हेल मात्र फ्रेंच. आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांना हे कळल्यावर ते हरखलेच. स्नेहसंमेलनात तिनं मॉरिशसच्या स्वातंत्र्यावर मराठीतून बोलायचं ठरलं.

सुरुवातीला सगळं गोड चाललं होतं. मळ्यांतले कष्ट, तिकडचे गणपती, चतुर्थीची सरकारी सुट्टी. टाळ्या पडल्या. मग ती म्हणाली, "आता स्वातंत्र्य कसं मिळालं ते सांगते. बोलणी लंडनला झाली. इंग्रज म्हणाले, स्वातंत्र्य घ्या, पण तुमची चागोस बेटं आमच्याकडे राहतील. त्यांतलं सर्वांत मोठं बेट त्यांना अमेरिकेच्या लष्करी तळासाठी द्यायचं होतं. आमचे पुढारी कबूल झाले. त्या बेटांवर माणसं राहत होती. त्यांना कुणी विचारलं नाही."

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. ती बोलतच होती.

"राजधानीत, पोर्ट लुईला, आमच्या शेजारी त्या बेटांवरची एक म्हातारी राहायची. तरुणपणी सासूला दवाखान्यात दाखवायला ती बोटीनं आली. परत जायला धक्क्यावर गेली तर कारकून म्हणाला, तुमचं बेट विकलं गेलं, आता तिकडे बोट जाणार नाही. नवरा तिकडेच होता. पुढे त्यालाही बाकीच्यांबरोबर बोटीत भरून आणलं. निघण्याआधी त्यांची कुत्री मारून टाकली, सगळ्यांची…"

अध्यक्षांनी हसतहसत तिच्या हातातून माइक घेतला. "थँक यू मॅडम, खूपच छान माहिती! पण हा जरा पॉलिटिकल विषय आहे. चला मंडळी, यल्ला, जेवण गार होतंय."

याच माणसानं ऑगस्टमध्ये आपल्या स्वातंत्र्यावर अर्धा तास भाषण ठोकलं होतं. तेव्हा जेवण गार झालं नव्हतं!

मी उठून पुढे गेले. "त्यांना पूर्ण करू द्या."

"अहो ताई, लोकांना भूक लागलीय."

"मग ज्यांना लागलीय ते जेवतील. माइक द्या."

माइक त्यांनी दिला नाहीच, उलट बंद केला. लोक ताटं घ्यायला उठले. माझी कॉलेजात जाणारी मुलगी माझा हात ओढत म्हणाली, "आई, चिल. इट्स जस्ट अ फंक्शन." माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात मागच्या रांगेतले रत्नागिरीचे एक वयस्क चाचा खुर्ची उचलून थेट स्टेजसमोर येऊन बसले. "बोल बेटी, आम्ही ऐकतोय," ते म्हणाले. त्यांच्या घरचे आणखी चौघे आले. मी बसले. मुलगीही तोंड वाकडं करत बसली.

ती माइकशिवाय बोलली. मागे ताटांचा खणखणाट, गुलाबजामांवरून हाका. ती सांगत होती, बेटांवरून आणलेल्यांच्या गोदीजवळच्या पत्र्याच्या खोल्या, काम न मिळालेली माणसं, दारूला लागलेला त्या म्हातारीचा नवरा. ती बेटं मॉरिशसला परत द्यायच्या अलीकडच्या वाटाघाटी. "त्यातही बेटावरच्यांना कोण विचारतं?" ती म्हणाली. तिचा आवाज एकदाही चढला नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर तिचा हसरा फोटो आला. खाली लिहिलेलं: 'मॉरिशसच्या मराठीचा गोडवा.' काय घडलं ते मी तिथेच सविस्तर लिहिलं. तासाभरात मजकूर उडाला आणि मलाही ग्रुपमधून काढलं. खलास.

तिच्याकडे गेले तर ती युनिफॉर्मला इस्त्री करत होती. मी बरीच चिडचिड केली. तिनं इस्त्री उभी करून ठेवली.

"देश स्वतंत्र झाला म्हणून माझी आई शिकली, मी शिकले," ती म्हणाली. "त्या म्हातारीची मुलं आमच्याच गल्लीत होती, शाळेत नव्हती. आम्ही त्यांना बाहेरचे म्हणून चिडवायचो. मी कुणावर रागावू? इंग्रजांवर, पुढाऱ्यांवर, की माझ्या गल्लीवर?"

"सगळ्यांवर," मी म्हटलं.

मंडळात मी पुन्हा गेले नाही. चाचांनी दुबईच्या बर दुबई भागातल्या त्यांच्या ओळखीच्या बायकांसमोर तिला बोलायला बोलावलंय. या वेळी जेवण आधी उरकायचं आहे.