साडेचार हजार मैलांवरची चतुर्थी

२८ मार्च १९७८ रोजी देवासच्या भाऊंनी सहा हजार चारशे पस्तीस रुपये भरून थोरल्या बहिणीचं, धारच्या अक्कांचं, मुंबई ते लंडन जाण्यायेण्याचं विमानाचं तिकीट काढलं. निघायच्या दिवसासाठी अमावास्या टाळली, शनिवार टाळला, बुधवार धरला. तिकीट हातात पडताच अक्कांनी पंचांग उघडलं.

"भाऊ, सव्वीस एप्रिल? अरे, त्या दिवशी संकष्टी!"

भाऊंनी कपाळाला हात लावला. तारीख बदलायची तर दंड भरावा लागणार होता, आणि अक्का तो भरू देणाऱ्यांतल्या नव्हत्या.

त्यांचा मार्तंड दोन वर्षांचा असताना विषमज्वरानं हातचा जायचा राहिला. तेव्हा त्या नवस बोलल्या होत्या, की जन्मभर संकष्टीला चंद्रोदयाआधी अन्नाला शिवणार नाही. यजमान दरबारच्या खजिन्यात कारकून होते. ते गेले, अक्कांनी मुलींना शिवण शिकवून घर चालवलं, पण चतुर्थी एकही चुकली नाही. दर खेपेला गणपतीपुढे नारळही स्वतः फोडायच्या. मार्तंड आता लंडनला इंजिनियर होता आणि सून लतिका हिला सातवा लागला होता.

"नारळाची फिकर मत कर," शेजारच्या जमुनाबाई म्हणाल्या. "मी फोडते तुझ्या नावानं. इथला चंद्रही बघून ठेवते. पण लंडन आहे तरी किती लांब?"

"भाऊ म्हणतो, साडेचार हजार मैल."

"म्हणजे देवासकडच्या सतवास गावाच्या थोडं पुढे!" आणि दोघी हसत सुटल्या.

विमान सकाळी मुंबईहून निघालं. समोर आलेलं ताट अक्कांनी परत केलं, पाणी तेवढं घेतलं. दहा तास उडून खाली उतरल्या, तर तिथे अजून दुपारच.

घरी साडेपाच वाजता मार्तंड म्हणाला, "आई, धारला आत्ता रात्रीचे दहा वाजले. चंद्र उगवला. जेवून घे."

"मी धारला आहे का रे?"

"इथला मध्यरात्री उगवणार, पेपरात छापलंय. आणि हे भरलेलं आभाळ बघ. दिसायचासुद्धा नाही."

"मग बसेन. मला काय नवीन आहे?"

मैलांचा हिशेब अक्कांना कधी कळला नव्हता. आता तो पोटात कळू लागला. सात वाजले तरी बाहेर दिवसच. लतिका ओट्याला टेकून उभी होती, चेहरा उतरलेला.

"तू जेवलीस का गं?"

"तुमच्या आधी कशी जेवू, आई?"

"अगं, सातवा महिना तुला!"

"तुम्ही बसा, मग मी बसते." लतिका जागची हलली नाही.

ज्या पोरासाठी हा उपास धरला, त्याचंच पोर त्यापायी उपाशी होतं. अक्का उठल्या.

"मार्तंडा, पूर्व कुठली?"

त्यानं खिडकी दाखवली. अक्कांनी पेल्यातलं पाणी कुंडीत सोडून अर्घ्य दिलं, हात जोडले.

"जमुनेनं पाहिला असेल. तिनं पाहिला तो मी पाहिला. लतिका, पानं घे."

पुढे तिथे होत्या तोवर त्यांची प्रत्येक संकष्टी धारच्या घड्याळावर, दिवसाउजेडी सुटली. नात झाली, तिला न्हाऊमाखू घालून अक्का परतल्या आणि पहिल्याच सकाळी जमुनाबाईंकडे गेल्या.

"नारळाचे किती झाले गं?"

"पाच नारळ, आठ रुपये. ठेव ते. पैसे घेतले तर मी काय नारळवाली?"

अक्कांनी पुन्हा दोनदा देऊन पाहिले. ते आठ रुपये अजून द्यायचे आहेत.