बेलभंडाराचा कागद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या मूळपुरुषाने माळव्यातली कन्नौदकडची गढी लढून घेतली नव्हती.

घरात सांगतात ते असं. दक्षिणेतून आलेला साधा शिलेदार तीन दिवस झुंजला, गढीच्या ठाकुराचा धीर सुटला, तो हात जोडून बाहेर आला आणि त्या विजयाने आमचा शिलेदार सरदार झाला. दसऱ्याला आमच्या देवासच्या घरी तलवार पुजताना काकासाहेब हे दरवर्षी सांगतात.

घरात मोडी वाचणारा मी एकटा उरलोय. कुळाची पुस्तिका छापायचं ठरलं तेव्हा जुन्या कागदांचं गाठोडं माझ्याकडे आलं. त्यात मूळपुरुषाने वरिष्ठांना लिहिलेलं पत्र निघालं. गढी सर होईना, म्हणून त्याने ठाकुराकडे खंडोबाचा बेलभंडार पाठवला होता. म्हणजे देवाची शपथ: बोलणी करायला या, जिवाला धोका नाही. ठाकूर हत्यार ठेवून बाहेर आला. वेशीतच त्याला कापला. पत्रात हे लपवलेलंही नाही. बक्षीस मागताना हुशारी सांगावी तसं लिहिलंय.

त्या ठाकुराच्या वंशातले एक गृहस्थ मांडूला छोटं हॉटेल चालवायचे. शरण आलेलं घर म्हणून दसऱ्याला आमच्याकडून शेला घ्यायचा त्यांचा रिवाज. पुस्तिका छापून आली त्या वर्षी त्यांनी मला ओसरीवर गाठलं.

"भिया, आप तो पुराने कागज बांच लेते हो. हमारे गढ़ीवाले बाबा बाहर क्यूं आए, कुछ लिखा है क्या? बिरादरीवाले आज भी पंगत में बोलते हैं, दरवाजा खुला रखना, इनको निकलने की जल्दी रहती है."

मी म्हणालो, "ठाकुर साब, वो पन्ना सड़ गया है. पढ़ने में नहीं आता."

पन्ना माझ्या कपाटात होता, धडधाकट.

"कोई बात नहीं," ते म्हणाले. "आपने देखा, इत्ता बहुत है."

मग पुस्तिकेतली तीन दिवसांची झुंज मीच सगळ्यांना वाचून दाखवली. ते समोर बसून ऐकत होते, मांडीवर शेला.

भीती कसली होती? काकासाहेबांची होतीच. पण खरं सांगायचं तर ती तलवार काढून घेतली, की माझ्यापाशी शाळामास्तरकी तेवढी उरते.

गेल्या फाल्गुनात ते गृहस्थ वारले. तेराव्याला मी गेलो. पंगतीत कुणीतरी म्हणालं, "निकलने में ये घर पहले से तेज है." दोघंतिघं हसले. त्यांचा धाकटा भाऊ मान खाली घालून वाढत राहिला. माझ्या पानात त्याने दुसऱ्यांदा पुरी घातली. मी खाल्ली.

ते गेले, त्यांना आता काही सांगता येणार नाही. त्यांच्या भावाच्या अंगणात, सगळ्या बिरादरीसमोर, तो कागद हिंदीतून वाचून दाखवायचा आहे. ठाकूर आमच्या शपथेवर विश्वास ठेवून बाहेर आले होते, हे सांगणं माझ्याकडे बाकी आहे.