विहिरीनं प्रणालीले सांगतलं होतं

या वं पोरींनो, जवळ सरका. दिवसभर मोबाईलवर भुताखेताचे अनुभव वाचता, अन् म्हाताऱ्या बाईले एक फोन करायचं म्हटलं की तुमचं बोट दुखते! बरं, आल्या तर वाचा. मी चौथीपर्यंत शिकलेली, शुद्धलेखनाले हसू नका.

पहिलेच सांगते — देवाले मी हात जोडते, पण अंगात येणं, भानामती, असलं मी कधी मानलं नाई. घुमणाऱ्या बाईले मी तोंडावर म्हटलं आहे, "आटप बाई, घरी भाकरी टाकायच्या आहेत."

कामरगावच्या अलीकडे आमचा मळा. माझा लहान भाऊ सुधाकर, त्याची बायको मंदा, पोरगी प्रणाली, अन् मी. वांगी, मेथी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर लावतो, बाजारात विकतो. प्रणाली जीपनं कारंज्याच्या कॉलेजले जाये. लय हसरी पोरगी. मागच्या दिवाळीनंतर गप्प झाली. कॉलेज सुटलं. झोप नाई. भिंतीकडे तोंड करून कुजबुजे. "कोणासंग बोलून राह्यली गं?" विचारलं तर म्हणे, "आत्या, तुले ऐकू येत नाई का?"

उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायचा होता. सुधाकर कमरेले दोर बांधून काठावर उभा. प्रणाली अनवाणी धावत आली अन् त्याले मिठीच मारली.

"बाबा, उतरू नका! विहीर म्हणून राह्यली, मी पडते, मी पडते!"

"हट! येडी झाली काय?"

पण ती सोडेच ना. शेवटी चिडून तो चहा प्यायले घरी आला. कप ओठाले लावला अन्... धाडकन! विहिरीची एक अख्खी बाजू आत गेली. बरोबर तिथंच, जिथं तो उतरणार होता. मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलं.

मंदानं तिथंच पोरीच्या पायावर डोकं ठेवलं. "माय, तू माझं कुंकू राखलं."

झालं! पोरगी देवी झाली. मंगळवारी गावातले लोक तिले पाटावर बसवू लागले. कुमारिकेची ओटी कोणी भरते का? पण हिची भरू लागले. "माझी म्हैस कुठी गेली?", "लेकीचं लग्न जमन का?" असं तिले विचारत — अन् देवीनं एकवेळच खायचं म्हणून तिचं रातचं जेवण बंद! मी म्हटलं, "सुधाकर, पोरगी वाळून चालली, दवाखान्यात नेऊ." तो हात जोडून म्हणे, "अक्का, मी जिवंत आहो तो तिच्यानंच. देवीले गोळ्या चारतं का?"

एक दिवस आमी दोघी मेथीच्या जुड्या बांधत होतो. प्रणाली हळूच म्हणे, "आत्या, विहीर मले बोलावते. म्हणते, बापाले सोडलं, आता तू ये."

त्या राती मी तिच्या उशाशी बसून राह्यली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाले न सांगता तिले वाशीमच्या बसमध्ये बसवलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईले सगळं सांगतलं, विहिरीचंही. त्या म्हणाल्या, "मावशी, विहिरीचं मले नाई सांगता येत. पण पोरगी झोपत नाही, मरायचं बोलते, हा आजार आहे. नवा आहे तोवर आणलं, चांगलं केलं. गोळ्या मधेच बंद करू नका."

घरी सुधाकर महिनाभर माझ्याशी बोलला नाई. मंगळवारच्या बायका फाटकातून मले शिव्या देऊन गेल्या, देवी बाटवली म्हणून. आता प्रणाली झोपते, दोन्ही वेळ जेवते. पण गोळ्यांनी हात थरथरते, चाल मंद झाली, हसू काही परतलं नाई. आवाज कमी झाले, पण आहेत.

परवा तिनं विचारलं, "आत्या, डॉक्टर म्हणते आवाज खोटे. मग विहिरीचा खरा कसा निघाला? तो खरा, तर मले बोलावणारा खोटा कशावरून?"

काय सांगू तिले? विहिरीच्या दरडीतून माती सुटत होती, पोरीनं पाह्यली असन — असं सुधाकर आता म्हणते. पण ती तर तिकडं महिनाभर गेली नव्हती. मी एवढंच म्हटलं, "गोळी घे, अन् माझ्याजवळ झोप." आमचा दोघींचा बिछाना आता दाराले आडवा असते.

म्हणून सांगते, या एकदा, लवकर या. तिच्या वयाच्या पोरी आमच्याकडे कोणी येतच नाई. आल्या की तिले काही विचारू नका, पायाही पडू नका. नेलपॉलिश लावून द्या, एखादी रील दाखवा, तिच्यासंग बसून वांग्याची भाजी खा. दिवस मावळायच्या आत सोडून देईन तुम्हाले बसवर... पण या.