पळायचं नाही, या अटीवर

मी पेशंट डोक्यात घेऊन घरी येते, असं नवरा म्हणतो. खरं आहे ते. त्या रविवारी दुपारी अ‍ॅमस्टेलव्हीन या आमच्या डच गावाहून आम्ही सायकलींवर बेसबॉलच्या मैदानाकडे निघालो, तेव्हा माझ्या डोक्यात फक्त एका माणसाची टाच होती.

मी फिजिओथेरपिस्ट. तो आमच्या क्लिनिकचा पेशंट. मूळचा कुरासाव बेटावरचा, धिप्पाड, चाळिशीला टेकलेला. चेंडू थेट कुंपणापलीकडे टोलवतो म्हणूनच क्लब त्याला घेत आले. पोरवयात अमेरिकेत गेला, वर्षानुवर्षं लहान गावांच्या संघांबरोबर बसने हिंडला, मोठ्या लीगमध्ये जेमतेम एक उन्हाळा टिकला आणि शेवटी इथे पोचला. हे सगळं तो दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं सांगायचा. एकदाच त्याचा आवाज बदलला.

"प्रत्येक क्लबने मला फोनवरूनच काढून टाकलंय," तो म्हणाला. "एकदा तरी मैदानातून, स्वतःच्या पायांनी बाहेर पडायचंय."

त्या रविवारचा सामना त्याचा शेवटचा होता, आणि उजव्या टाचेमागचा टेंडन अर्धा फाटलेला. पूर्ण तुटला तर स्ट्रेचरच. मी खेळू नकोच म्हणत होते. त्यावर तो म्हणाला, चेंडू कुंपणाबाहेर गेला की पळावं लागत नाही. क्रिकेटवर वाढलेल्या मला ते लगेच पटलं. सिक्स मारल्यावर पळतं कोण? पळायचं नाही, या अटीवर मी हो म्हटलं. तो गालातल्या गालात का हसला, ते तेव्हा कळलं नाही.

मैदानात मला स्वस्थ बसवेना. माझ्या पायामुळे अख्खा बाक हलतोय, अशी नवऱ्याची तक्रार. बॅटिंगच्या पहिल्या दोन्ही खेपांना माझा पेशंट बाद झाला, तेव्हा मला चक्क बरं वाटलं. तिसऱ्या वेळी चेंडू कुंपणामागच्या झाडांवरून गेला. मी टाळ्या वाजवत उठले. आणि हा बॅट टाकून निघाला की!

"अगं, सिक्स आहे ना, मग हा चालला कुठे?" नवऱ्याने विचारलं.

शेजारच्या डच आजींना आमची कीव आली. त्यांनी सांगितलं, चारही बेसना पाय लागल्याशिवाय धाव मिळत नाही. मात्र पळायलाच हवं असं नाही, चालत गेलं तरी चालतं. म्हणजे पठ्ठ्या खोटं बोलला नव्हता, फक्त अर्धंच बोलला होता. माझा असा संताप झाला की मी सरळ प्रेक्षकांसमोरच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या बेसनंतर तो लंगडायला लागला. त्याच्या जागी दुसरा धावू शकतो, असं कोच खुणावत होता. त्याने हातानेच नको म्हटलं. मी "हळू, हळू" म्हणत होते, तेही मराठीत. तिसऱ्या बेसवरचा प्रतिस्पर्धी बाजूला झाला. शेवटच्या बेसवर त्याने डावा, धड पाय टेकवला.

सोबती पाठीत धपाटे घालायला धावले. त्यांना बाजूला सारून तो माझ्याकडे आला आणि उजवा पाय कुंपणाच्या दांडीवर ठेवला.

"बघ," तो म्हणाला. "आता जाऊ?"

मी चाचपून पाहिलं. टाच गरम होती, सुजली होती, पण टेंडन पूर्ण तुटला नव्हता. बोलायचं ते सगळं अगदी ओठांवर आलं होतं.

"जा," मी म्हटलं.

तो संघाच्या बाकाकडे वळला नाही. लंगडत, सावकाश, सरळ मैदानाच्या फाटकाकडे चालत गेला.